कुठली, ते विचारू नका

आमच्या डहाणूत शेजारी राहणारे सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. उरलेल्या वेळात, कुणी अजून बनवलीच नाहीत अशी अतिजड अणुकेंद्रकं अल्फा कण सोडत किती टिकतील, याचं गणित मांडतात. "निम्मी एवढ्या वेळात जातील. कुठली, ते विचारू नका," असं सांगतात. वर्गातली किती पोरं पास होतील विचारलं, तरी उत्तर त्याच चालीचं.

परवाच्या सोमवारी बाजारात, चिखले गावाहून चिकू विकायला येणाऱ्या मावशीने एकेक चिकू अंगठ्याने दाबून त्यांना सांगितलं, "हा उद्या खा सर, हे दोन बुधवारी." सरांनी प्रत्येक चिकूवर पेनाने वार लिहिला.

गुरुवारी आमच्याकडे आले. "एकही चुकला नाही हो," म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत स्वतःचा अंगठा न्याहाळत बसले.