खमंगमावशीचं नाक

सूतगिरणीच्या फाटकासमोर ती शेंगदाणे भाजायची. सगळे तिला खमंगमावशी म्हणत. खरं नाव सुनेलाही पटकन आठवलं नसतं. लोखंडी कढईत वाळू तापवायची, तीत दाणे टाकून झाऱ्याने हलवत राहायचं आणि घमघमाट सुटला की लगेच चाळणीत ओतायचे. सगळा कारभार नाकाचा. पाळी सुटली की कामगार कढईभोवती गोळा व्हायचे. मूठभर दाणे, वर तांब्याभर पाणी, की पोटाला आधार.

"मटण खाणाऱ्यांनी मटण खावं. आपली ताकद या पुडीत आहे," असं म्हणून पिंजणखात्यातला मुकादम दंड फुगवायचा. तो काटकुळा दंड पाहून सगळे खो खो हसायचे.

मग मावशीला ताप आला. अंग मोडून निघालं, आठवडाभर अंथरूण सुटलं नाही. ताप उतरला तशी ती उठून चुलीपाशी बसली. तेवढ्यात सून धावत आली.

"अहो आई, दूध करपून कोळसा झालं! घरभर वास सुटलाय आणि तुम्ही इथेच बसलाय?"

"डोळा लागला गं जरा," मावशी म्हणाली.

डोळा काही लागला नव्हता. सून बाहेर गेल्यावर तिने ठेचलेला लसूण नाकाशी धरला. काही नाही. रॉकेलच्या डब्याचं झाकण काढून पाहिलं. तिथेही काही नाही. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सून पोटुशी. घर चालायचं ते कढईवर. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सालीचा रंग बघून भाजायला लागली. दाणे ठीक निघत. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी मुकादमाने थुंकून टाकलं. "मावशी, एक दाणा काय कडू निघाला हो! तोंड वाकडं झालं."

"तोंड आधीच वाकडं होतं, त्याचं खापर माझ्यावर नको," ती म्हणाली. लोक हसले. तीही हसली, पण हातातला झारा क्षणभर थांबला.

सुनेला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, रोज मूठभर शेंगदाणे खा, बाळाला बळ येतं. मावशी सकाळी स्वतः वाटी भरून समोर ठेवायची.

"आई, आज नको. कुबट लागतात."

"दिवस भरत आले की तोंडाची चव अशीच जाते. माझंही तसंच झालं होतं. खा गुपचूप."

सुनेने खाल्ले. सासूचा शब्द मोडायची तिची रीत नव्हती.

शेजारच्या शिंप्याने बदकं पाळली होती. चाळणीखालचे फुटके, सुरकुतलेले दाणे मावशी त्यांच्या पिल्लांना टाकायची. त्या आठवड्यात पिल्लं मान टाकायला लागली. पाय लटपटत, पाण्याकडे जात नसत. शिंपी एक मेलेलं पिल्लू हातात घेऊन दारात आला. "रोग म्हणावा तर मोठ्या बदकांना काही नाही," तो म्हणाला. "तुझ्या दाण्यांशिवाय यांनी दुसरं खाल्लंय काय, तेच आठवतोय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मावशी तडक पोती बघायला उठली.

मागच्या खोलीत पोती भिंतीला टेकून रचलेली होती. भिंतीपलीकडे नळ ठिबकायचा. तिने खालच्या पोत्यात हात घातला, तर आत ऊब होती. दाण्यांचे गठ्ठे झालेले. मूठ बाहेर काढली तर बोटांना हिरवट भुकटी. तिने पोत्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला. काहीच नाही, जणू रिकामं पोतं.

"सूनबाई," तिने हाक मारली, "याला कसला वास येतोय बघ."

सून उंबऱ्यातच थांबली. पदर तोंडावर गेला. "बुरशीचा! इथवर येतोय आई. तुम्हाला येत नाहीये?"

मावशीने नकारार्थी मान हलवली. सुनेचा दुसरा हात सावकाश पोटावर गेला, आणि तो हात पाहून मावशी म्हणाली, "चल, दवाखान्यात."

त्याच दुपारी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, शांतपणे सगळं ऐकलं. "बुरशीचे दाणे यकृताला बाधतात. आज काही दिसत नाही. लक्ष ठेवायचं," एवढंच म्हणाल्या. मावशीने पोती खड्ड्यात पुरून टाकली आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी रिकाम्या हाताने उभी राहून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कुणी शिव्या घातल्या. कुणी "होतं मावशी" म्हणून पुढे गेले. मुकादम त्यांत नव्हता.

"सुट्टीवर आहे," कुणीतरी म्हणालं. "कावीळ झालीय त्याला."

ती त्याच्या घरी गेली. तो खाटेवर पडून होता, डोळे हळदीसारखे पिवळे.

"माझ्याच दाण्यांनी का रे?"

"कोण सांगणार मावशी. गिरणीतलं पाणीही घाणच आहे."

त्याची बायको दारात उभी होती. बसा म्हणाली नाही.

सुनेला मुलगी झाली. वजनाला कमी, पण आवाज खणखणीत. दर महिन्याला तिला दाखवायला न्यायचं ठरलं. मुकादम कामावर परतला, पण पिंजणखात्यात नाही. बसून करायच्या कामावर. मावशी पुन्हा कढईपाशी बसते. पोतं फोडलं की पहिला दाणा सून चावते. ती मान हलवेपर्यंत मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहते.