कुतुबुद्दीन मास्तरांचं उणं उत्तर

जव्हार संस्थानच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि कुतुबुद्दीन मास्तर गणित. शेताची लांबी काढायच्या उदाहरणात दोन उत्तरं यायची, एक अधिक, एक उणं. उण्यावर मास्तर खडूने काट मारून 'अशक्य' लिहीत. उणं शेत नांगरणार कोण, असं विचारून वर्गाला हसवत. वीस वर्षं त्यांचा हात असाच चालला.

घरी मात्र वेगळंच वेड होतं. मुंबईचा एक मित्र त्यांना विज्ञानाची मासिकं टपालाने पाठवी. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरीचं समीकरण विलायतेकडे दोन तऱ्हांनी मांडलं गेलं होतं. एकात ऊर्जेचा वर्ग होता, दुसरं चार भागांचं होतं. दोन्हींतून शून्याखालची, उणी ऊर्जा निघायची. ती निघणारच नाही अशी तिसरी मांडणी करून छापून आणायची, हा मास्तरांचा ध्यास. १९२९च्या उन्हाळ्यात त्यांची बायको शबाना तापाने गेली. तिचे कपडे त्यांनी आठवड्यात वाटून टाकले. कुणी तिचं नाव काढलं की ते उठून जात. मला त्यांचा रागच यायचा.

दोन वर्षांनी मांडणी जमली. एका रविवारी सकाळी त्यांनी मला कागद दाखवले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अकराव्या पानावर एका ओळीवर वर्गातलीच ओळखीची काट दिसली. ही कशी, मी विचारलं. काट कधी मारली, हे त्यांना आठवेना. खोडलेली ओळ परत घेतली, तर उणी ऊर्जा पुन्हा हजर.

तसाच पाठवा निबंध, कोण बघतंय, मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नवं मासिक पुढे केलं. उण्या ऊर्जेच्या जागा सगळ्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या असतात, म्हणून दिसत नाहीत, असं त्यात होतं. एखादी रिकामी झाली, तर ती रिकामी जागाच कणासारखी वावरते. मला घरात कुणी तिसरं असल्यासारखं वाटलं आणि मी घाबरलो.

तेवढ्यात त्यांची मोलकरीण, जामसर गावची सुकरी, झाडायला आली. खिडकीखालचा हातभर तुकडा वगळून तिने केर काढला. मास्तरांनी कारण विचारलं.

"तठं बाय बसते ना," ती म्हणाली. शबाना गेल्यापासून दोन वर्षं ती रोज तसंच झाडत होती.

मास्तर त्या तुकड्याशेजारी जमिनीवर बसले. "शबाना," ते म्हणाले, "मला वाटलं, खोडलं की संपतं."