मृत्युंजयचं मुकं शूटिंग

लग्नात शूटिंगला मृत्युंजयला बोलवायचं म्हणजे विकतचं दुखणं, असं बाळीवेशीतले लोक म्हणायचे आणि तरी त्यालाच बोलवायचे. हा बाबा लग्नाच्या आदल्या दिवशी मंगल कार्यालयात येऊन नुसता बसून राहायचा. ऊन कुठल्या खिडकीतून येतं, कुठल्या खांबाला टेकतं, ते बघत. नवरदेवाचा मामा विचारायचा, "कॅमेरा कुठंय?" हा सांगायचा, "घरी." झालं! मामाचं डोकं तिथंच फिरायचं.

बरं, लग्नादिवशी तरी गुमान काम करावं? छे. "हसा जरा", "इकडं बघा", "परत एकदा हार घाला" हे त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही. हार एकदाच घालतात, तो म्हणायचा, दुसऱ्यांदा घालतात ते नाटक. ड्रोनचं नाव काढलं की म्हणायचा, "वरून बघायला देव बसलाय. आपण माणसाच्या उंचीवरून बघावं." स्टेजवर बडी बडी मंडळी फोटोला उभी असायची आणि ह्याचा कॅमेरा कुठं, तर कोपऱ्यात सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या म्हातारीवर. पण महिन्यानं व्हिडिओ घरी आला, की तीच म्हातारी बघून अख्खं घर रडायचं. तिच्याकडं लग्नात कुणी ढुंकून बघितलेलं नसायचं ना.

आवाजाशी मात्र ह्याचं उभं वैर. कॅमेऱ्याचा माईक कायम बंद. लग्नातला आवाज म्हणजे बँड, डीजे, जनरेटर आणि "पाहुण्यांनी जेवून घ्यावं". शेवटी वर गाणंच चढवायचं, मग तो कचरा भरून आणायचाच कशाला? इथपर्यंत ठीक, पुष्कळ जण असंच करतात. पण हा त्याच्याही पुढचा. "चित्र घेताना कान मिटून घ्यायचे," तो म्हणायचा. "कान उघडा राहिला की डोळा आळशी होतो." आणि खरंच मिटून घ्यायचा. डोळ्याला कॅमेरा लागला की शेजारी फटाक्याची माळ लागली तरी ह्याला पत्ता नसायचा.

ह्याचं मूळ घरातच होतं. वडील चनमल्लप्पा मार्केट यार्डात एका अडत्याकडं कांद्याचा लिलाव पुकारायचे. काय तो आवाज! ट्रकांची घरघर, हमालांची हाळी, व्यापाऱ्यांचा कालवा, सगळ्यावरून अप्पांचा आवाज जायचा. बरं, यार्डात पुकारून घरी आल्यावर माणसानं आवाज खुंटीला टांगावा की नाही? अप्पा भाकरी मागायचे तीही लिलावाच्या पट्टीत. भाव पुकारायचे मराठीत, रागवायचे कानडीत. मृत्युंजय शाळेचा अभ्यास कानात कापसाचे बोळे घालून करायचा. आणि आई सुंदरम्मा, ती उभ्या संसारात नवऱ्याशी सगळ्यात जास्त काय बोलली असेल, तर "सुम्म कुंद्री". म्हणजे, गप बसा.

कामातून मोकळे झाल्यावर अप्पा दिवसभर घरी बसायला लागले, तसा मृत्युंजयनं त्यांच्यावर कॅमेरा लावला. लग्नं ही पोटासाठी, हे त्याचं स्वतःचं काम. खिडकीशी बसून दाढी करणारे अप्पा, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारे अप्पा, शेंगा फोडणारे अप्पा. वर्षभर त्यानं ते घेतलं. अप्पा एक क्षण तोंड मिटायचे नाहीत. इकडं कॅमेरा चालू आणि तिकडं यांची गाडी सुरू. हा काही त्यांना अडवायचा नाही. बोलेनात का, माईक बंद होता.

मार्गशीर्षात एक दिवस अप्पा दुपारचे जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, कपाळभर विभूती लावली, फुलांनी सजवलं. इतके गप बसलेले अप्पा घरानं पहिल्यांदाच बघितले. त्या दिवशी मृत्युंजयनं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

दुखणी कधी एकटी येतात का? सुंदरम्माला आधीपासून काचबिंदू होता. श्रावण येईपर्यंत तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. सून शिवलीला तिचं सगळं हातात द्यायची. म्हातारी कुरकुर करणारी नव्हती. पण एके दिवशी दुपारी तिनं मृत्युंजयला हाक मारून जवळ बसवलं.

"तुज्याकडं अप्पाचं लई शूटिंग हाय की रे."

"हाय की अव्वा."

"मला काय दिसायचं न्हाय आता, ती मला ठावं हाय. चेहरा ध्यानात हाय माज्या. पर आवाज निसटाय लागलाय बग. रोज आठवून बघती. काल तर अजिबात आला न्हाय." तिनं त्याचा हात चाचपून धरला. "नुसता आवाज ऐकव. येवडंच मागती."

"बघतो," एवढंच तो म्हणाला.

बघायचं काय होतं? त्याला आधीच माहीत होतं. तरी त्यानं सगळ्या हार्ड डिस्क काढल्या. घरातले सणवार, पूजा, बारसं, सगळं देखणं आणि सगळं मुकं. शिवलीलाच्या मोबाईलमध्येही काही नव्हतं. घरात एवढा कॅमेरामन असताना दुसऱ्यानं मोबाईल कशाला बाहेर काढायचा? अप्पांचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा.

मग तो वळसंगला मामाकडं गेला. रुद्रप्पामामाच्या पोरीच्या लग्नात कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं होतं. अप्पा मांडवात हात उडवून काहीतरी ठासून सांगताना दिसले, आणि वरून डीजे असा दणकत होता की मामा म्हणाला, "शेजारी बसून मलाच ऐकू येत नव्हतं, तुला काय येणार!"

शेवटी मार्केट यार्ड. जिथं तो आवाज उभा जन्म घुमला, तिथं तर कुणाकडं असेल? अडत्या हळहळला. "रोज कानावर पडत होता, तो कोण कशाला भरून ठेवतंय?" तेवढ्यात धुळा पुढं आला. अप्पांच्या वेळचा म्हातारा हमाल. म्हणाला, "आवाज पायजे व्हय? ह्यो घ्या," आणि त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरून अप्पांसारखी आरोळी ठोकली. हुबेहूब! आजूबाजूचे हमाल हसले, एकाचे डोळे भरले. आणि मग मृत्युंजयला दुर्बुद्धी सुचली म्हणा, की माया म्हणा. तो म्हणाला, "धुळामामा, परत एकदा." जन्मात कुणाला परत एकदा न म्हणणारा माणूस! त्यानं ते मोबाईलवर भरून घेतलं.

घरी येऊन त्यानं मोबाईल आईच्या कानाशी धरला. पहिली आरोळी झाली. सुंदरम्माचा चेहरा उजळला, पदर सावरला गेला. दुसरी झाली आणि ती मागं सरकली.

"ह्यो धुळा हाय."

मृत्युंजयनं मोबाईल बंद केला.

"यार्डातल्या समद्यांना फसवंल त्यो. मला रे कशाला फसवतोस?" ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "न्हाय का तुज्याकडं?"

"न्हाय, अव्वा. मी माईक बंद ठेवत होतो."

"समदं वरीस?"

"व्हय."

"अय्यो शिवने," म्हातारी म्हणाली. शिवलीला आतून चहा घेऊन आली, दोघांकडं बघून तशीच उभी राहिली. मग सुंदरम्माच म्हणाली, "जे हाय ते तर लाव. तू बग आन् मला सांग."

त्यानं लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि सांगायला लागला. अप्पा खिडकीशी बसलेत. अंगात बंडी आहे. मांडीवर सुपात शेंगा आहेत. "कुटली बंडी?" तिनं विचारलं. "खिशापाशी उसवलेली." "मीच शिवली न्हवती ती," ती म्हणाली, "आज शिवीन, उद्या शिवीन करत ऱ्हायलं." तिला गोडी वाटायला लागली. अप्पा शेंग कशी फोडतात, टरफलं कुठं टाकतात, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं. "खालीच टाकत्यात न्हवं? टाकणारच! किती येळा सांगिटलं." हसली सुद्धा. मृत्युंजयला वाटलं, चला, निभावलं.

"आता काय करत्यात?"

"आता मान वर केलीय. कॅमेऱ्याकडं बघतायत. बोलतायत."

"कुनाशी?"

"माझ्याशी. मीच समोर होतो."

"काय म्हनाले?"

मृत्युंजय पडद्याकडं वाकला.

त्याला त्या सकाळचं सगळं आठवत होतं. शेजारच्या गच्चीवरच्या टाकीमागून ऊन आलेलं. अप्पांच्या कानाची पाळ उजेडात लालसर झालेली. ती पाळ नीट यावी म्हणून आपण श्वास धरून गुडघ्यावर बसलो होतो, हे आठवत होतं. अप्पांपासून हातभर अंतरावर. अप्पा त्याच्याकडं बघून बोलत होते, हात पुढं करून, काहीतरी विचारत होते बहुतेक, कारण बोलून झाल्यावर ते उत्तराची वाट बघत थांबले होते. पडद्यावर ते थांबलेले दिसत होते. मग त्यांनी परत विचारलं. त्यानं चित्र मागं नेलं, हळू केलं, ओठांवर नजर रोवली. कानडी की मराठी, तेही कळेना.

"अरे, बोल की. काय म्हनाले?"

"आठवत न्हाय, अव्वा."

"तू तितंच होतास न्हवं? तुलाच इचारलं न्हवं?"

"व्हय."

"मग ऐकलं असशील की रे."

"न्हाय ऐकलं," मृत्युंजय म्हणाला आणि त्याला हुंदका फुटला. एवढा थोरला बाप्या आईच्या मांडीवर डोकं घालून लहान पोरासारखा ढसाढसा रडायला लागला. शिवलीलानं तोंडाला पदर लावला.

सुंदरम्मानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांतून धार लागली होती. "रडू नगंस," ती म्हणाली. "मी तरी कवा ऐकलं त्यांचं?" आणि लॅपटॉप होता त्या दिशेला तिनं कान केला. तिथं अप्पा अजून बोलतच होते.