चुकल्यास काय जाते

घरातल्या प्रत्येक वस्तूवर सूचना असलीच पाहिजे आणि ती आपल्याच हातची असली पाहिजे, असं मानणारा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये एकच आहे, आणि तो आमच्या माधवनगरच्या घरात राहतो. माझे मामेसासरे. मामी गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. न्हाणीघरात त्यांची पाटी आहे: "नळ उजवीकडे फिरवल्यास मूठ हातात येते. आल्यास घाबरू नये, परत बसवावी. नळ डावीकडेच फिरवावा." पोह्यांच्या डब्यावर: "जाड पोहे. दडप्याला वापरल्यास दातांची जबाबदारी आपापली." चुकलं तर काय होतं ते आधी, बरोबर काय ते नंतर, हा त्यांचा बाणा. टावर चौकात एकाने भैरवगढचा रस्ता विचारला, तर कुठे वळू नये आणि वळल्यास कुठे पोचाल हे मामांनी इतकं सविस्तर सांगितलं, की तो बिचारा शेवटी रिक्षा करून गेला.

हा माणूस माझी नोकरी वाचवेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहितीची पानं लिहिते. दोघांनी एकाच प्रोग्रॅममध्ये केलेले बदल एकत्र करणं म्हणजे मर्ज. त्याचे दोन पर्याय दिसायला अगदी जुळे भाऊ. पहिला, दोघांची टक्कर होते तेवढ्याच ओळींत आपलं ठेवतो, बाकी दोघांचंही घेतो. दुसरा समोरच्याचं सगळं काम गुपचूप टाकून देतो. जुन्या पानावर दोन्हींपुढे एकच वाक्य होतं, "आपल्या बाजूला प्राधान्य." ते वाचून कुणीतरी सहकाऱ्याची सगळी मेहनत उडवली, आणि ते पान नव्याने लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. कंपनीत नुकत्याच आलेल्या एक बाई फक्त ते वाचून मर्ज करणार. जमलं तर मी कायम, नाहीतर आम्ही नवराबायको पुण्याला दुसरी नोकरी शोधायला. मामा उज्जैन सोडणार नव्हते. "तुम्ही जा, मी बघून घेईन," म्हणत त्यांनी ओट्यावर चिठ्ठीसुद्धा लावली: "एकट्यापुरता भात: अर्धी वाटी. जास्त लावल्यास रात्रीही तोच खावा लागतो."

मी मसुदा मराठीत करून त्यांना वाचून दाखवला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सूनबाई, ते सब ठीक आहे, पण त्या दुसऱ्या बिचाऱ्याचं काम गेलं कुठे? ते तर तू बोललीच नाहीस!"

"दुसऱ्या पर्यायात ते येतच नाही, मामा."

"मग पहिल्या ओळीत हेच टाक ना! फायदा बाद में."

टाकलं. "या पर्यायात समोरच्याचा एकही बदल येत नाही, आणि तसं तुम्हाला कुणी सांगतही नाही."

त्या बाई नेमक्या या ओळीवर थांबल्या, मागे गेल्या आणि पहिला पर्याय निवडला. दोघांचंही काम शाबूत! मला कायम केल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याला टेकून चक्क रडले. इतकं हायसं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

लिहिलेली सूचना फाडणं मामांच्या स्वभावात नाही. त्यांनी पेन काढलं, "एकट्यापुरता" खोडून "तिघांचा" केलं, अर्ध्या वाटीची दीड वाटी केली. पुढची ओळ तशीच ठेवली. मी भात मुद्दाम जास्त लावला. रात्री त्याला मामी द्यायच्या तशी लसणाची फोडणी दिली, आणि तिघांनी तोच खाल्ला.