साडूंचं नाव पुकारलं तेव्हा

सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. आमच्या तालुक्याच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे चर्चच्या मंडळीतर्फे एकालाच बोलावणं येतं. इतकी वर्षं आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ जायचे. ते प्रभूकडे गेल्यावर एका रविवारी उपासना संपताना पाळकांनी जाहीर केलं, की यापुढे माझे साडू जातील.

मी मंडळीचा चिटणीस. रजिस्टर, पत्रव्यवहार, कब्रस्तानाचे कागद, सगळं माझ्याकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि घरी येईपर्यंत बायकोच्या चार पावलं पुढे चालत राहिलो. साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, साखर कारखान्यात फिटर. धड एक अर्ज त्यांना लिहिता येत नाही.

त्या वर्षी नाताळ नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी आला. चर्चचं फाटक बाजाराच्या रस्त्यावरच आहे आणि भाजीवाले थेट फाटकापर्यंत पोती पसरतात. ते मोकळं राहावं म्हणून मी दोनदा अर्ज दिला होता. पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. साडू मात्र बैठकीत उठून म्हणाले, "साहेब, आमची म्हातारी माणसं भाजी ओलांडून चर्चात जाऊन राह्यली. सणापुरतं तरी बघा." साहेब हसले आणि बाजाराच्या ठेकेदाराला त्यांनी तिथेच सांगितलं. फाटक मोकळं राहणार, हे ठरलं. ही गोष्ट मला चार जणांनी येऊन सांगितली. प्रत्येकाला मी "छान झालं" म्हणालो.

नाताळच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी चर्चला पोचलो. फाटकासमोर खरोखरच जागा मोकळी होती. ती बघून मला आनंद व्हायला हवा होता. तेवढ्यात डोक्यावर मेथीचं गाठोडं घेतलेली एक बाई आली.

"भाऊ, इथं बसू का? आज तुमचा सण हाय म्हने."

"बसा की," मी म्हणालो.

ती बसली. तिला बसलेलं पाहून कांदेवाला आला, मग मिरचीवाली. मी आत जाऊन खुर्च्या लावत राहिलो.

थोड्या वेळाने साडू रिक्षातून उतरले. सोबत आमच्या दोघांच्या सासूबाई होत्या, हातात चौपायी काठी. कांद्यांपाशी त्या थांबल्या. काठी टेकायला जागाच नव्हती. साडूंनी मेथीवालीला विचारलं, "मावशी, इथं बसायचं न्हाई असं ठरलं होतं ना?"

"मंग ह्या भाऊंनीच बस म्हनलं," तिने माझ्याकडे बोट केलं.

मी दारात उभा होतो. साडूंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली वाकून ते मेथीच्या जुड्या उचलायला लागले. मी धावत गेलो आणि कांद्याचं पोतं ओढलं. आम्ही दोघांनी मिळून वाट केली.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं; भाकर आणि द्राक्षरस घ्यायला एकेक जण पुढच्या मेजापाशी जात होता. मी चिटणीसाच्या बाकावरून उठलो नाही. भावाशी समेट केल्यावाचून त्या मेजापाशी जाऊ नये, हे लहानपणापासून शिकलोय. बायकोने मेजापासून परत येताना माझ्याकडे पाहिलं.

दुपारी जेवण साडूंकडेच होतं. हात धुताना ते एकटे सापडले.

"मी मुद्दाम बस म्हणालो तिला," मी म्हणालो. "तुमची फजिती व्हावी म्हणून."

"समजलं होतं मला," ते म्हणाले. "राग आलाय, दादा. आईंचा तोल गेला असता तर?"

त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "पुढच्या बैठकीला तुम्ही जा. मी पाळकांना सांगतो."

मी नको म्हणालो. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझा जळफळाट झाला. जे मला इतकं हवं होतं ते हा माणूस ओले हात पुसता पुसता देऊन टाकत होता.

पुढच्या बैठकीला तेच गेले. मी हल्ली सकाळच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो. पहिले कितीतरी दिवस ते तोंडातून निघायचंच नाही.