झेंडूत पाडलेल्या सऱ्या

धान वाळत घातलं की त्यात पाय घासत चालायचं, सऱ्या पाडायच्या. खालचा ओला दाणा वर येतो. हे एक काम मला लहानपणापासून चांगलं जमतं. नवरात्र संपलं होतं. आमच्या गच्चीवर देवळांतून आणलेला झेंडू वाळत होता, आभाळ भरून आलं होतं, आणि बायकोला मदत करायची मला हुक्की आली. चपला काढल्या, पाय धुतले (तेवढी अक्कल होती) आणि ताडपत्रीभर सरळ सऱ्या पाडल्या. मागे वळून पाहिलं तर सहाही बायका हातातलं काम थांबवून माझ्या पायांकडे बघत होत्या.

या सहाजणी आधी घरी बिड्या वळायच्या. वर्षभरापासून माझ्या बायकोकडे निर्माल्याच्या धूपकांड्या वळत होत्या. दिवाळीची पहिली मोठी ऑर्डर याच फुलांवर होती.

"हे देवाचे फुलं होत, भाऊ. धान नाही," त्यांच्यातली थोरली मावशी म्हणाली. "पायाखालचं फूल देवापुढं कसं जाळाचं?"

"पाय धुतले होते, मावशी."

"मंग आता तुमचे पायच पूजतो."

कोणी हसलं नाही. एकेक जण पदर झटकून जिना उतरून गेली.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेलो. ती ओसरीवर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू. आमच्याकडे आल्यापासून बसलेला तिचा खोकला पुन्हा उठला होता.

"चुकलं माझं, मावशी."

"माफी देवाले मागा. मले कायले?"

"उद्या याल ना?"

तिनं बिडीला दोरा गुंडाळला आणि पुढचं पान घेतलं. लग्नाच्या पंगतीत मी लोकांना हसवतो म्हणतात. त्या ओसरीवरून मी नुसते हात जोडून उठलो.

घरी आलो. बायको गच्चीवर बसली होती. झेंडू काळा पडायला लागला होता, वास बदलला होता. माझ्या सऱ्या मात्र अजून तशाच सरळ.

"खोकत होती काय?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं काळं पडलेलं एक फूल उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हे सारं खताच्या खड्ड्यात टाका. हातानं. आन् सकाळी देवळातून ताजे फुलं तुम्हीच आणा. टोपलं डोक्यावर, पाय अनवाणी. मावशीच्या दारावरून या. मंग पाहू, बिड्या सोडून उठते का ती."