दार घासतंय

बायकोच्या नव्या गाडीला मी स्वतःच्या हातानं शोभेची काळी पट्टी चिकटवली, आणि चुकीच्या जागी चिकटवली. चाकावरच्या पत्र्याची पट्टी अर्धं बोट मागं सरकून दाराच्या फटीवर आली. दार उघडलं की करकर. मग बिजागरीतच दोष आहे असं ठरवून मी तिथं भरपूर तेल ओतलं. आवाज मऊ झाला, घासणं तेवढंच राहिलं. सोमवारी ती आपली पहिलीवहिली गाडी घेऊन शिराळ्याला शाळेवर जाणार होती. तिच्या नकळत हे निस्तरायचं म्हणून 'गाडी धुऊन आणतो' अशी थाप मारून मी रविवारी इस्लामपुरात फौजी मामांच्या गॅरेजात गेलो.

पत्र्याच्या बाबतीत मामांइतका हट्टी माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. लष्कराच्या वर्कशॉपातून पेन्शनीत आले, पण शिस्त सोबत घेऊन आले. गाडी शेडात शिरली की आधी मालकाची तपासणी. आपण सांगू ते सगळं ऐकून घेतात आणि नेमकं ते सोडून दुसरीकडं हात घालतात. कारखान्याच्या एका साहेबांनी फार माहिती पुरवली, तेव्हा मामा म्हणाले होते, "सायेब, गाडी बोलतीया. तुमी जरा थांबा." साहेब मुकाट्यानं लिंबाखाली जाऊन बसले. मामांच्या हत्यारांच्या पेटीत कुंकवाची डबी असते आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. कुंकू दाराच्या कडेला लावायचं, जिथं पुसलं जाईल तिथं घासतंय. पत्रिका फटीत सरकवायची, न अडकता फिरली की फट बरोबर. तालुक्यातली लग्नं त्यांना जाडीवरून आठवतात. "ही सरपंचाच्या थोरलीची. लय जाड. ट्रकालाच चालती."

"मामा, बिजागरी ढिली झालीय," मी म्हणालो.

"व्हय?" म्हणत त्यांनी कुंकू लावलं, दार उघडलं. "लाल काय झालं?"

"पट्टी."

"कुणी लावली?"

"दुकानदारानं."

"चालत्या गाडीवर लावली का रं?"

मी कबूल झालो. गरम पाण्याचं फडकं पट्टीवर शेकत मामांनी मासे धरायचा दोरा तिच्याखालून करवतीसारखा ओढला. पट्टी सुटली. दाराच्या कडेवरून त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. "मोतीबिंदू हाय. आता बोटानंच बघतो." मग पत्रिका घालून फट जोखली, पट्टी जागेवर बसवली आणि दार पाच-सहादा उघडून लावलं. चिडीचूप. "हल्ली घासलं की अख्खं दारच बदलत्यात, गड्या. असं ऐकत बसायला कुणाला येळ न्हाई." त्या दारावरून त्यांचा हात अजून निघाला नव्हता.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"बायकोच्या," मी अभिमानानं सांगितलं.

"नंबर लाव. रिपोर्ट मालकालाच द्यायचा आस्तोय."

मी गयावया केली. लष्करी नियमापुढं ती चालली नाही. मामांनी फोन स्पीकरवर घेतला आणि ताठ उभे राहिले. "ताई, तुमच्या मालकांनी पट्टी वाकडी लावलीती, दार घासत हुतं. आता बरं हाय. बोटभर ओरखडा ऱ्हायलाय. रंग मारू का?"

पलीकडून बायकोचा आवाज आला.

"नको मामा, राहू दे तो. रोज बघितला म्हणजे ह्यांच्या हातात काही द्यायचं नाही, एवढं ध्यानात राहील."